आडवं व्हायची वेळ

बोग्ना पहिल्यांदा पडली ती शाळेच्या कँटीनच्या रांगेत,
हातात बिटाच्या साराचा वाडगा.
बाईंना आधी ते रक्तच वाटलं.
दुसऱ्यांदा चर्चमध्ये, सगळे उभे असताना.
तिसऱ्यांदा कुठे, ते हाल्श्काला विचारावं लागेल;
पुढे पडणं मोजायचं आम्ही सोडलं
आणि कोपरे मोजू लागलो,
टेबलाचे, पायऱ्यांचे, न्हाणीच्या कडेचे.

डॉक्टर शेराद्स्का म्हणाल्या, उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं,
वर यायला आळस करतं.
मीठ वाढवा.
मी हसलो. हसायला नको होतं.
व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत बावीस वर्षं
लाकडाचे टेकू ठोकतोय मी,
संध्याकाळी मिशा झटकल्या तर पातेलंभर सूप खारट होईल,
आणि माझ्याच पोरीच्या अंगात मीठ कमी.

मीठ पुरलं नाही. मग गोळी आली,
पांढरी, मधोमध चीर असलेली, दिवसातून तीनदा.
गोळीने ती पडायची थांबली.
हे आधीच सांगून ठेवतो,
कारण पुढचं ऐकलं की लोक गोळीलाच शिव्या देतात.

गोळीनंतर अर्ध्या तासात तिच्या अंगावर काटा येतो.
थंडी नाही, भीती नाही,
भुताची गोष्ट कुणी सांगितलेली नाही,
नुसता काटा, भागाकार करताना.
मग डोक्यात मुंग्या चालू लागतात
आणि ती खाजवत सुटते.
गेल्या महिन्यात शाळेच्या नर्सने वर्गासमोर
कंगवा घालून उवा शोधल्या.
एकही सापडली नाही,
तरी शेजारची लुड्का दुसऱ्या बाकावर गेली.

आणि चार तास आडवं व्हायचं नाही.
आडवं झालं की तेच आळशी रक्त
डोक्यात धडका मारतं.
एकदा ती गुपचूप कोचावर लवंडली होती,
आम्ही दंडाला पट्टा बांधून पाहिला,
आकडा बघून हाल्श्का पट्टा सोडायचंच विसरली.

म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली
ओकच्या दोन पाचरी ठोकल्या, खाणीतून आणलेल्या.
ज्या लाकडाने डोंगर तोलून धरायचा
त्यावर आता अकरा वर्षांची मुलगी,
रात्रभर पायथ्याकडे घसरत.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
ती जागते.
दुपारची गोळी चुकून उशिरा झाली
की डोळे मिटत असतात आणि जागते,
खुर्चीत ताठ,
आईच्या विणकामाचे टाके मोजत.

तपासणीला कागद भरून घेतात.
काटा येतो: होय.
खाज: होय.
लघवीची घाई: हे तिने स्वतः भरलं,
पेन दाबून, माझ्याकडे न बघता.
आणखी काही?
ती म्हणाली,
"पडायचे तेव्हा निदान आडवं व्हायला तरी मिळायचं."
डॉक्टरांनी ते लिहून घेतलं का, मला दिसलं नाही.
सकाळची गोळी अर्धी केली.
अर्ध्या गोळीवर ती एकदा बसस्टॉपवर पडली,
बर्फात, मऊ. हनुवटीला तीन टाके.
पुन्हा पूर्ण.

काल गोळी सहाला झाली.
ओट्यावर कोंबडीच्या आकाराचा टायमर आहे,
जास्तीत जास्त एक तासाचा,
चार वेळा पिळावा लागतो.
चौथ्यांदा मीच पिळला
आणि बुटांना मेण लावत बसलो.
दहाला कोंबडी किरकिरली.
चल, म्हणालो, आता झोप.

ती झोपलेलीच होती.
टेबलाशी, बसल्या बसल्या,
गाल नकाशाच्या पुस्तकावर, कुठल्याशा समुद्रावर,
मानेवरचा काटा उतरलेला.

मी मेणाचे हात घेऊन उभा.
उठवू का हिला,
आडवं व्हायला?